पोथ्यांच्या पेटीवरील जाळी व करवतीच्या पात्याचा ताण

कांहीं वर्षांपूर्वीं मंडळाच्या एका सभेंत मीं एका लांकडी पेटीविषयीं टिपण वाचलें होतें. पेटी सागवानी, पोथ्या ठेवण्याची. झांकणावर वेलबुट्टीची आरपार कापलेली जाळी. आंत ज्या पोथ्या निघाल्या त्यांपैकीं एकीच्या पुष्पिकेंत लेखनाचा शक दिलेला असून तो थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतील आहे. पोथ्या व पेटी एकाच घराण्यांतून एकत्र आलेल्या. जाळींतील वेलीचें वळण पेशवाईंतील महिरपींच्या वळणाशीं जुळणारें. तेव्हां पेटीहि त्याच काळची, असा निर्णय मीं दिला आणि सभेनें तो मानला. तो निर्णय चुकला होता. तो कसा चुकला व कोणत्या प्रमाणानें चुकल्याचें ठरलें, हें सांगणें एवढेंच प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे. प्रमाण लेखी नाहीं. तें करवतीच्या पात्याच्या ताणाचें आहे. विषय सुतारशाळेचा वाटेल. पण ज्यांच्या संग्रहीं पेट्या, ठवण्या, पोथ्यांच्या फळ्या व देव्हारे आहेत, त्यांस तो आज ना उद्यां भेटणारच आहे.

पेटीच्या तळाची फळी निखळली म्हणून ती एका वृद्ध सुतारास दाखविली. त्यानें तळाकडे पाहण्यापूर्वीं झांकण उजेडाकडे धरलें, एका छिद्रांत करंगळीचें नख फिरविलें, मग दुसऱ्यांत, मग तिसऱ्यांत, आणि म्हणाला, "गुरुजी, लांकूड जुनें आहे, पण ही जाळी हातच्या करवतीची नव्हे. सगळीं भोकें एका ताणाचीं आहेत."

मीं विचारलें, "मिस्त्री, ताण भोकांत कसा दिसेल?"

"पातें ढिलें असलें तर भोकाला पोट येतें," इतकेंच बोलून तो तळाची फळी बसवूं लागला.

ह्या दोन वाक्यांचा अर्थ लावण्यांत माझा एक सबंध पावसाळा गेला. पुष्पिका वाचावयास मी चाळीस वर्षें शिकलों; भोक वाचावयास मला कोणीं शिकविलें नव्हतें.

प्रथम हत्याराचें स्वरूप सांगितलें पाहिजे. वळणावळणाची जाळी कापावयाची तर करवतीचें पातें अतिशय अरुंद असावें लागतें, कारण रुंद पातें चिरेंत वळत नाहीं. ह्या कामाच्या मध्यम पात्याची रुंदी सुमारें १ मिलिमीटर व जाडी ०.४ मिलिमीटर असते. लांबी बहुधा ५ इंच. असें पातें हातांत धरलें तर गवताच्या काडीसारखें वांकतें. त्याला स्वतःचा ताठपणा नाहीं. तो बाहेरून द्यावा लागतो, आणि तो देण्याचा एकच उपाय म्हणजे दोन्हीं टोंकें पकडून तें ताणणें. साध्या करवतीला रुंदीनें जें बळ मिळतें तें ह्या पात्याला ताणानें मिळतें. म्हणून बारीक करवतीचा इतिहास हा पात्याच्या पोलादाइतकाच त्याला ताणून धरणाऱ्या चौकटीचा इतिहास आहे.

आपल्याकडील वाङ्मयांत ह्याचा कांहीं मागमूस लागतो कीं काय हें पाहणें मला स्वाभाविकच प्राप्त होतें. अमरकोशांत शूद्रवर्गांत करवतीचीं दोन नांवें दिलीं आहेत, क्रकच आणि करपत्र. पैकीं करपत्र हें आपल्या करवत शब्दाचें मूळ. 'पत्र' म्हणजे पान, त्यावरून पात्याचा आकार सूचित होतो. क्रकच शब्दाची व्युत्पत्ति जुने वैयाकरण 'क्र' असा आवाज करणारें अशी लावतात. एक नांव डोळ्यानें ठेविलेलें, दुसरें कानानें. सुश्रुताच्या वीस शस्त्रांत करपत्राची गणना आहे. वाग्भट तर त्याचीं मापेंच देतो: हाडें कापण्याचें करपत्र दहा अंगुळें लांब, दोन अंगुळें रुंद, बारीक दांत्यांचें व चांगल्या मुठीचें असावें. हीं मापें येथें फार महत्त्वाचीं आहेत. लांबीच्या पंचमांश रुंदी आणि एका टोंकास मूठ, ह्याचा अर्थ हें पातें रुंदीच्याच बळावर उभें राहणारें होतें. त्यास चौकट नको, ताणहि नको. वैद्याच्या हातीं होती ती आजच्या हातकरवतीची धाकटी बहीण. जाळीच्या करवतीशीं तिचें नातें दूरचें.

दुसरें स्थळ लीलावतींतील क्रकचव्यवहाराचें. शके १०७२ च्या सुमारास भास्कराचार्यांनीं लांकूडचिरणीच्या मजुरीचें गणित दिलें आहे. बुंध्याकडील व शेंड्याकडील जाडीच्या बेरजेचें अर्ध घ्यावें, त्यास लांबीनें व चिरांच्या संख्येनें गुणावें, आणि ५७६ नीं भागावें, म्हणजे अंगुळांचे चौरस हात होतात. उदाहरणांत ओंडक्याची जाडी एकीकडे २० व दुसरीकडे १६ अंगुळें, लांबी १०० अंगुळें व चिरा चार आहेत. उत्तर साडेबारा हात. आणि मजुरी कारागिराशीं ठरावानें व लांकडाच्या मऊकठीणपणावरून द्यावी, असेंहि आचार्य सांगतात. लांकूड मोजलें, चिरा मोजल्या, दामहि ठरविले. करवतीविषयीं मात्र एक अक्षर नाहीं. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. पाटीगणितांत त्याचें प्रयोजन नव्हतें, आणि करवत कशी ताणावी हें ज्याला ठाऊक होतें त्याला तें लिहून ठेवण्याची गरज नव्हती. मराठी भक्तिवाङ्मयानें तरी करवत आठवली ती काशीच्या करवतीच्या रूपानें. हत्यार म्हणून ती ग्रंथांत येतच नाहीं.

ताणाचा प्रश्न प्रथम कोठें सुटला हें पाहण्यासाठीं पश्चिमेकडे जावें लागतें. प्राचीन मिसरांतील तांब्याच्या करवती ओढतांना कापणाऱ्या होत्या. मऊ धातूचें पातें ढकललें तर दुमडतें. ओढलें तर ओढण्याच्याच जोरानें क्षणभर ताठ होतें. हाहि एक ताणच, पण तो हाताच्या हालचालीबरोबर येतो आणि जातो. रोमन लोकांनीं तो कायमचा केला. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरांतील एका भित्तिचित्रांत सुतारकाम करणारे बालकामदेव दाखविले असून त्यांच्या हातीं चौकटीची करवत आहे. पुढें ही जात सर्व युरोपभर पसरली. हिची जी रचना शेवटपर्यंत टिकली ती अशी: इंग्रजी एच अक्षरासारखी लांकडी चौकट, एका अंगास पातें, दुसऱ्या अंगास दुहेरी दोरी, आणि दोरींत अडकविलेली एक काडी. काडी फिरविली कीं दोरीस पीळ बसतो, चौकटीचे वरचे बाहू जवळ येतात, खालचे फांकतात, व पातें ताणलें जातें. काडी मधल्या आडव्या दांड्याशीं अडकवून ठेविली कीं पीळ सुटत नाहीं. ज्यांनीं बाजेच्या पायथ्याची दोरी ओढून बाज ताणली आहे त्यांस हें तत्त्व निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं. त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकांत मरण पावलेल्या प्लिनीनें करवतीचे दांते आळीपाळीनें दोन्हींकडे फांकविण्याचा उल्लेख आपल्या निसर्गेतिहासांत केला आहे, तोहि जातां जातां नमूद करण्यासारखा आहे. कारण फांकविल्यामुळें चीर पात्यापेक्षां रुंद होते व पातें तींत फिरूं शकतें.

परंतु दोरीच्या चौकटीनें जाळी कापतां येत नाहीं. त्यासाठीं पातें आणखी बारीक व्हावें लागलें, आणि तें घडलें लांकडांत लांकूड जडविण्याच्या कलेमुळें. इटलींत पंधराव्या शतकांत ही कला पूर्णत्वास पोंचली होती. उर्बिनो येथील ड्यूकच्या अभ्यासिकेच्या भिंती, ज्या इ. स. १४७६ च्या सुमाराच्या आहेत, त्या ह्याच कामाच्या. पण तें काम मुख्यतः सुरीचें होतें. सोळाव्या शतकांत बारीक पोलादी पातीं मिळूं लागलीं व सुरीच्या जागीं करवत आली. पुढें पॅरिस येथें आंद्रे शार्ल बूल (१६४२-१७३२) ह्या प्रसिद्ध कारागिरानें कांसवाच्या पाठीचा पत्रा व पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्हीं एकदम कापण्याची रीत इतकी वापरली कीं त्या कामास त्याचेंच नांव पडलें. एका कापांत दोन जोड निघतात: कांसवांत पितळ आणि पितळेंत कांसव. आतां थर एकावर एक असतां पातें किंचित् जरी वांकलें तर वरच्या थरांतील फूल व खालच्या थरांतील फूल हीं सारखीं निघत नाहींत, व खालचें आपल्या घरांत बसत नाहीं. ढिल्या पात्याची शिक्षा येथें ताबडतोब मिळते. रुबो ह्या फ्रेंच सुतारानें १७६९ पासून पुढें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत ह्या कामाच्या करवती व शिकंजे चित्रांसह दिले आहेत. कारागीर ज्यावर बसून काम करी त्या बैठकीस इंग्रज गाढव म्हणतात आणि फ्रेंच लहान घोडा म्हणतात. कोणाचें प्रेम अधिक हें ज्यानें त्यानें ठरवावें.

हातच्या जाळीकरवतीस धातूची इंग्रजी यू अक्षरासारखी कमान असते व तिच्या दोन्हीं टोंकांस पकडी असतात. आपल्याकडील सोनार पत्रा कापण्यासाठीं हीच करवत लहान रूपांत वापरतात, आणि तिला ताण देण्याची रीत मीं एका सोनाराच्या दुकानांत समोर बसून पाहिली. पात्याचें एक टोंक एका पकडींत घट्ट करावयाचें. दांते बाहेरच्या अंगास व मुठीकडे उतरते असावे. मग कमानीचें एक टोंक बांकाच्या काठास टेंकवून मूठ छातीनें दाबावयाची, म्हणजे कमानीचीं टोंकें जवळ येतात. तशा स्थितींत दुसरें टोंक पकडींत कसावयाचें आणि छाती मागें घ्यावयाची. दबलेली कमान मूळ आकारास येऊं पाहते व पातें ताणलें जातें. म्हणजे ताण किती बसला हें छाती किती दाबली ह्यावर अवलंबून. त्या सोनारानें पातें बसवून झाल्यावर नखानें छेडलें. बारीक, स्वच्छ 'टिंग्' असा आवाज आला. तेव्हां तो कामास लागला. दुसऱ्या वेळीं आवाज बोद आला. त्यानें एक शब्द न बोलतां पकड सोडली व छाती पुन्हां लावली.

येथें जाळीच्या कामाची खरी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जाळींतील प्रत्येक छिद्र स्वतंत्र असतें. करवत बाहेरून आंत शिरूं शकत नाहीं. म्हणून प्रथम गिरमिटानें भोंक पाडावयाचें, पात्याचें एक टोंक पकडींतून सोडावयाचें, तें भोंकांतून ओंवावयाचें, पुन्हां पकडावयाचें, पुन्हां ताणावयाचें, मग कापावयाचें. एक छिद्र पुरें झालें कीं पुन्हां सोडावयाचें. माझ्या पेटीच्या झांकणावर छिद्रें ६४ आहेत. म्हणजे पातें ६४ वेळां सुटलें व ६४ वेळां ताणलें गेलें. हातच्या करवतीनें हें केलें तर ६४ वेळां छाती सारखीच दाबली जाईल हें मनुष्यस्वभावास धरून नाहीं. सकाळचें पहिलें छिद्र आणि संध्याकाळचें शेवटचें छिद्र ह्यांत अंतर पडणारच. सुतारानें नख फिरवून हेंच पाहिलें होतें.

ताण कमी पडला तर काय होतें? पात्याचीं टोंकें पकडींत स्थिर असतात; मध्य मोकळा असतो. लांकूड पुढें रेटलें कीं मध्य मागें वांकतो, आणि वळणावर तो बाजूसहि झुकतो. त्यामुळें चिरेची भिंत वरपासून खालपर्यंत सरळ न उतरतां मध्यें फुगते किंवा आंत जाते. मिस्त्रीनें 'पोट' म्हटलें तें हें. पाऊण इंच जाडीच्या लांकडांत तें नखास लागतें, पातळ पत्र्यांत कळतहि नाहीं. ह्याचें प्रमाण हिशेबानें काढतां येतें. पात्याचा मोकळा भाग १२ सेंटिमीटर व ताण १५ किलो असेल, तर मध्यावर बाजूनें अर्ध्या किलोचा जोर पडला असतां पातें सुमारें १ मिलिमीटर हटतें. ताण निम्मा झाला कीं तेंच २ मिलिमीटर हटतें. उलट ताण अति झाला तर पातें तुटतें, बहुधा पकडीजवळ, जेथें तें आधींच चिमटलेलें असतें. बारीक पात्यास जाड पात्याइतका ताण सोसत नाहीं. छेद निम्मा असेल तर ताणहि निम्माच घ्यावा. आणखी एक बाब नवशिक्यास फसविते. नवें पातें कापूं लागल्यावर थोड्याच वेळांत पकडींत किंचित् सरकतें व तापून लांबतें. आरंभीं योग्य असलेला ताण मग ढिला होतो. म्हणून दोन-चार मिनिटें कापल्यावर पुन्हां एकदां छेडून पाहावें लागतें.

छेडून पाहणें ही अडाणी रीत नव्हे. मेर्सेन ह्या फ्रेंच विद्वानानें १६३६ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत तारेचा स्वर तिच्या लांबीवर, ताणावर व जाडीवर कसा अवलंबून असतो ह्याचे नियम सांगितले आहेत. ते करवतीच्या पात्यास जसेच्या तसे लागू पडतात, आणि त्यांतून एक मनोरंजक निष्कर्ष निघतो. वर सांगितल्याप्रमाणें छेदाच्या प्रमाणांत ताण दिला तर सारख्या लांबीचीं बारीक व जाड पातीं एकच स्वर देतात. १२ सेंटिमीटर मोकळ्या लांबीच्या, ०.४ चौरस मिलिमीटर छेदाच्या पात्यास १५ किलोचा ताण दिला तर सेकंदास सुमारें ९०० कंपनें होतात, म्हणजे पेटीवरील वरच्या सप्तकांतील एक स्वर. पातें बदललें तरी कारागिराच्या कानांतील स्वर तोच राहतो. त्यास किलो मोजावे लागत नाहींत. क्रकच ह्या शब्दाची कानानें लावलेली व्युत्पत्ति मला येथें पुन्हां आठवली.

आणि मग एक विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. ताण कानानें मोजण्याची विद्या आपल्या ग्रंथांत नाहीं असें नाहीं. नाट्यशास्त्रांत भरतमुनि दोन सारख्या वीणा घेऊन एकीचे स्वर श्रुतीश्रुतीनें उतरविण्याचा जो प्रयोग सांगतात, तो ताणाच्या सूक्ष्म भेदाचाच प्रयोग आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवानें तोच बावीस तारांच्या ध्रुव व चल वीणांवर मांडला. त्याच्या आधीं शंभर वर्षांच्या आंत भास्कराचार्यांनीं करवतीचें गणित मांडलें होतें, आणि त्यांच्या नातवाच्या मठाविषयींचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. म्हणजे एकाच प्रदेशांत, पिढ्यादोनपिढ्यांच्या अंतरानें, एका ग्रंथांत करवत आहे पण ताण नाहीं. दुसऱ्यांत ताण आहे पण करवत नाहीं. दोहोंना जोडणारा सोनार दुकानांत बसलेला होता, आणि त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. युरोप-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जाळीकामाचा छंद घरोघर शिरला, आणि पायानें चालविण्याचीं यंत्रें निघालीं. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंचीं यंत्रें व इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांतील डेरहॅमच्या हॉबीज कंपनीचीं यंत्रें प्रसिद्ध आहेत. शिवणयंत्रासारखी पायपट्टी, वर सपाट मेज, मेजाच्या छिद्रांतून वरखालीं जाणारें पातें. दोन्हीं हात लांकूड फिरविण्यास मोकळे. पातें मेजाशीं काटकोनांत उभें राहतें, हात थकला म्हणून तें कलत नाहीं. हा एक भेद. दुसरा भेद ताणाचा, आणि तोच आपल्या कामाचा. यंत्रांत ताण छातीनें नव्हे, स्क्रूनें, तरफेनें किंवा स्प्रिंगनें दिला जातो. तरफ त्याच खांचेंत पडली कीं ताण तोच येतो, मग छिद्र पहिलें असो वा चौसष्टावें.

सर्व यंत्रें ह्या बाबतींत सारखीं नव्हतीं. एका प्रकारांत खालचें टोंक दांड्यानें चाले व वरचें स्प्रिंगला टांगलेलें असे. पातें खालीं जातांना स्प्रिंग ताणली जाई, वर येतांना सैल होई. म्हणजे एकाच हेलकाव्यांत ताण वाढे व घटे. अशा यंत्रांत पातीं फार तुटत. दुसऱ्या प्रकारांत दोन समांतर बाहू बरोबरच वरखालीं होतात आणि पातें त्यांच्या पुढच्या टोंकांत, तर ताण देणारा स्क्रू मागच्या टोंकांत असतो. ह्यांत हेलकाव्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत ताण जवळजवळ एकच राहतो. लांकडी बाहूंच्या जुन्या पाययंत्रांत ही रचना होतीच; १९७० नंतरच्या दशकांत जर्मनींतील हेग्नर यंत्रांनीं तिला विजेच्या मोटारीवर पुन्हां प्रतिष्ठा दिली. आज बाजारांत स्क्रोल सॉ ह्या नांवानें जीं यंत्रें मिळतात त्यांतील बरींच ह्या किंवा हिच्यासारख्या बाहूंच्या रचनेचीं आहेत. त्यांवरहि ताण योग्य कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोनाराचीच: पातें छेडावें, आणि बोटानें बाजूस दाबून तें तीनेक मिलिमीटरपेक्षां अधिक हटत नाहीं हें पाहावें.

एवढी सामग्री जमल्यावर मीं स्वतः कापून पाहिलें. सुताराकडून कमान मागून आणली, पाऊण इंच जाडीचा सागवानी तुकडा घेतला, आणि त्यांत एकासारखीं एक अशीं बारा छिद्रें कापण्याचा घाट घातला. साठी उलटलेल्या माणसानें कमान छातीनें दाबणें हें प्राणायामाहून सोपें नाहीं. सात पातीं तुटलीं. पैकीं पांच मीं अधिक ताणल्यामुळें व दोन चिडून रेटल्यामुळें. पण बारा छिद्रें पुरीं झालीं. त्यांतील एकाची भिंत दुसऱ्यासारखी नाहीं. कांहींना स्पष्ट पोट आहे, कांहीं वरून खालीं कलतीं आहेत, एक तर वरच्या बाजूस पान आणि खालच्या बाजूस बदाम असें निघालें आहे. सवयीचा कारागीर ह्याहून पुष्कळच सरस कापील हें मान्य आहे. म्हणून एका सोनारकुटुंबांतील, हातानेंच कापल्याची निश्चित माहिती असलेली एक जुनी शिसवी ठवणी मागून आणली व भिंग लावून पाहिली. काम फार सुंदर आहे. तरी तिच्या छिद्रांतहि, माझ्या छिद्रांइतका नव्हे पण नखास कळण्याइतका, परस्परांत भेद आहे. आणि भिंतींवरील दांत्यांच्या रेघा एका छिद्रांत एका कलानें व शेजारच्यांत दुसऱ्या कलानें गेल्या आहेत.

मग पेटीचें झांकण घेतलें. ६४ छिद्रांपैकीं एकालाहि पोट नाहीं. सर्व भिंती पृष्ठाशीं काटकोनांत आहेत. रेघा सर्वत्र उभ्या, समांतर व सारख्या बारीक आहेत. प्रत्येक छिद्राच्या कोपऱ्यांत गिरमिटाच्या भोंकाचा अर्धगोल शेष आहे, म्हणजे पातें ओंवूनच कापलें, पटाशीनें कोरलें नाहीं. पटाशीचें असतें तर भिंतींवर लहान लहान सपाट पैलू व कोपऱ्यांत धार पुढें गेल्याच्या खुणा दिसल्या असत्या. कोणी म्हणेल कीं युरोपांत त्या लहान घोड्यावर बसून हातानेंहि काटकोनांत कापीत असत. तें खरें आहे, व युरोपीय वस्तूंविषयीं हें प्रमाण जपूनच वापरावें. पण सागवानी, मराठी वळणाच्या ह्या पेटीस ती शंका लावण्याचें कारण मला दिसत नाहीं. झांकणाच्या खालच्या अंगास बिजागऱ्यांजवळ एका जुन्या, सरळ पट्टीच्या चौकटीच्या खुणा आहेत, त्याहि मीं पूर्वीं पाहिल्या होत्या व दुरुस्ती म्हणून सोडून दिल्या होत्या. आतां त्यांचा अर्थ उघड आहे. मूळ झांकण साधें होतें. जाळीची फळी मागाहून बसविली.

तेव्हां माझें पूर्वीचें विधान मी येथें मागें घेतों. पोथीचा शक पोथीचाच आहे. तो मीं पेटीस लावला ही पहिली चूक. वेलीच्या वळणावरून काळ ठरविला ही दुसरी, कारण वळण उतरून घेण्यास एक कागद पुरतो. पेटीचा सांगाडा जुना असेल, त्याविषयीं निराळा विचार करावा लागेल. झांकणावरील जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधींची नाहीं. मंडळाच्या वस्तुसूचींत पेटी व पोथ्या ह्यांच्या नोंदी आतां स्वतंत्र केल्या आहेत, आणि माझीं बारा वेडींवांकडीं छिद्रें असलेला सागवानी तुकडा पेटीशेजारीं तुलनेसाठीं ठेविला आहे. ज्यांच्या संग्रहीं काळ निश्चित असलेल्या जाळीच्या वस्तु असतील त्यांनीं किमान दहा छिद्रांच्या भिंती नखानें व भिंगानें तपासून, पोट, कल व रेघांची दिशा हीं तीन छिद्रवार टिपून पाठविल्यास तीं ह्याच तुकड्याच्या नोंदीखालीं लावून घेतलीं जातील.